डिकीला काठीचा टेकू नको
गाडीच्या गॅस दांडीची ओळख, निगा आणि बदल



आता आपल्या गटांच्या कामात गाडी आली आहे. कुणाच्या गटाने पापड, कुरडया, मसाले बाजारात न्यायला ईको घेतली. कुणाच्या मालकांची जुनी ओम्नी घरापेक्षा गटाच्याच कामात जास्त फिरते. २०१७ साली सुरू झालेल्या आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजनेतून काही सदस्यांनी प्रवासी गाडीही चालवायला घेतली आहे. गाडी आली की खर्चही येतो, आणि तो आपण शिकून घेतला. टायर झिजला की कळतं, ऑइल कधी बदलायचं ते वहीत लिहिलेलं असतं, विम्याची तारीख सचिवताईंच्या लक्षात असते.

पण गाडीची एक वस्तू अशी आहे की तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. ती म्हणजे मागची डिकी वर धरून ठेवणारी दांडी. ती कमजोर झाली की डिकी हळूहळू खाली येऊ लागते. मग कुणीतरी काठी आणतं, डिकीखाली उभी करतं आणि म्हणतं, "झालं काम." काठीवर सहा-सहा महिने निघतात.

आता विचार करा, त्या डिकीखाली उभं कोण राहतं? गाडी चालवणारा पुढे बसलेला असतो. डिकीखाली वाकून पोती ओढणारी, क्रेट लावणारी, तराजू काढणारी बाई आपल्यातलीच असते. म्हणून या वेळी ही दांडी नीट समजून घेऊ. हे काम अवघड नाही. फक्त कुठे हात घालायचा आणि कुठे मुळीच घालायचा नाही, हे पक्कं माहीत हवं.

ही माहिती कोणत्या गाडीला लागू

ज्या गाडीचं मागचं दार खालून वर उचललं जातं, त्या प्रत्येक गाडीला लागू आहे. ईको, ओम्नी, वॅगनआर ही नेहमीची उदाहरणं. बोलेरोचं मागचं दार घराच्या कवाडासारखं बाजूला उघडतं, वर उचलावं लागत नाही. त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

डिकी उघडा आणि दोन्ही बाजूंना पाहा. एका बाजूला जाड काळी नळी आणि तिच्यातून बाहेर आलेली बारीक चकचकीत सळई दिसेल. हीच ती दांडी. गॅरेजात हिला कुणी डिकीचा शॉकअप म्हणतं, कुणी गॅस शॉकर म्हणतं. दुकानाच्या बिलावर कधी डॅम्पर, कधी बॅक डोअर बॅलन्सर असंही लिहिलेलं असतं. सगळी नावं एकाच वस्तूची. चाकाजवळचा शॉकअप मात्र वेगळा बरं का, दोघांची गल्लत करू नका. या लेखात आपण हिला गॅस दांडी म्हणू.

आत काय असतं

"गॅस" म्हटलं की आपल्याला स्वयंपाकाचा सिलिंडर आठवतो. हा गॅस तो नाही. गॅस दांडीत नायट्रोजन असतो. आपण श्वासात घेतो त्या हवेतही सर्वात जास्त वाटा नायट्रोजनचाच आहे. तो पेट घेत नाही, त्याला वास नाही. मग भीती कशाची? भीती त्याच्या दाबाची.

सायकलचा पंप आठवा. पंपाचं तोंड बोटाने दाबून धरलं आणि मूठ खाली रेटली, तर आतली हवा दबते. हात सोडला की मूठ आपोआप वर येते. गॅस दांडीचं काम साधारण तसंच चालतं. फरक इतकाच की हिच्यात कारखान्यातच खूप दाबाने गॅस भरून तोंड कायमचं बंद केलेलं असतं. तो गॅस सळईला सतत बाहेर ढकलत असतो. डिकी लावताना आपण सळई आत दाबतो, डिकी उघडताना ती बाहेर येते आणि दाराला वर उचलते. आत थोडं तेलही असतं. त्याने सील ओलं राहतं आणि डिकी वर जाताना शेवटी धाडकन न आदळता सावकाश थांबते.

दाब किती, ते एका हिशेबाने पाहू. नळीवर इंग्रजीत एक आकडा आणि त्यापुढे एन हे अक्षर छापलेलं असतं. एन म्हणजे न्यूटन, जोर मोजायचं माप. साधारण १० न्यूटन म्हणजे एक किलो वजनाएवढा जोर. म्हणजे ४०० न्यूटनची दांडी सुमारे ४० किलोचा जोर लावते. सळई ८ मिलिमीटर जाडीची असेल तर एवढा जोर यायला आत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८० किलोचा दाब लागतो. आपल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. म्हणजे ही बोटाएवढी नळी ऐंशी कुकरांचा दाब पोटात घेऊन बसलेली असते. हा एक आकडा लक्षात राहिला तरी ती नळी कुणी कापायला, भोक पाडायला किंवा तापवायला का जाऊ नये, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

डिकी वीस किलोची, मग एवढा जोर कशाला?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. दगड हलवताना आपण पहार वापरतो. पहारीचं टोक धरलं तर कमी जोर लागतो, मधे धरली तर जास्त. डिकीचंही तसंच. गॅस दांडी डिकीला बिजागरीच्या अगदी जवळून ढकलते, त्यामुळे तिला जास्त जोर लावावा लागतो.

समजा, डिकी २० किलोची आहे आणि तिचा भार बिजागरीपासून २० इंचांवर येतो. दांडीचा रेटा मात्र बिजागरीपासून ६ इंचांवर पडतो. तर २० गुणिले २० भागिले ६, म्हणजे जवळपास ६७ किलोचा जोर लागला. तो दोन दांड्यांत वाटला की एकीच्या वाट्याला ३३ ते ३४ किलो येतात, म्हणजे सुमारे ३३५ न्यूटन. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण हिशेब हाच.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, दोन्ही दांड्या मिळून भार उचलतात. एक गेली की दुसरीवर दुप्पट भार येतो आणि डिकी एका बाजूने ओढली जाते. म्हणून दांडी नेहमी जोडीने बदलायची. दुसरी गोष्ट, डिकीवर आपण जे वाढवतो त्याचाही भार दांडीवरच पडतो. गटाच्या नावाचा लोखंडी फलक डिकीवर ठोकला तर दांडीला तो रोज उचलावा लागतो. नाव रंगवून घ्या किंवा स्टिकर लावा, तेच बरं.

दांडी कशाने खराब होते

सळई जिथे नळीत शिरते तिथे रबराचं सील असतं. गॅस आणि तेल आत राहतं ते या सीलमुळे. सील झिजलं की गॅस हळूहळू निसटतो. आवाज येत नाही, वास येत नाही. एक दिवस लक्षात येतं की डिकी वर राहत नाही. वयोमानाने प्रत्येक दांडीचं हे होणारच. पण काही सवयींमुळे ते लवकर होतं.

सळईवर चिखल, सिमेंट किंवा खताची भुकटी वाळून बसली की ती सळईबरोबर सीलमध्ये ओढली जाते आणि सील कातरते. गाडीला रंग मारताना सळईवर रंगाचे शिंतोडे उडाले तरी तेच होतं. पोतं आत टाकताना सळईवर घासलं आणि ओरखडा पडला, तर तो ओरखडा प्रत्येक वेळी सील खरवडतो. एका कोपऱ्याला धरून डिकी ओढून लावली तर दांडीवर तिरका ताण येतो. आणि माल जास्त झाला म्हणून डिकी पोत्यांवर रेटून लावायची किंवा अर्धी उघडी ठेवून दोरीने बांधायची, ही सवय बिजागरी आणि दांडी दोन्हींना वाईट.

महिन्यातून एकदा तपासा

तपासणीला पाच मिनिटं लागतात. दोघींनी मिळून करा. एकीने डिकीला हात देऊन उभं राहायचं, दुसरीने पाहायचं.

१. डिकी पूर्ण उघडा. मूठभर उंचीनंतर ती स्वतःहून वर जायला लागते का? की शेवटपर्यंत आपल्यालाच ढकलावी लागते?

२. पूर्ण उघडी असताना दोन मिनिटं पाहा. इंचभर जरी खाली आली तरी दांडी कमजोर होऊ लागली आहे.

३. सळईवरून डोळे फिरवा. तेलाचा ओघळ, गंज, ओरखडा किंवा वाक दिसतो का? तेल बाहेर आलं म्हणजे सील गेलं.

४. मागे उभ्या राहून पाहा. डिकी एका बाजूला झुकते का? झुकत असेल तर एक दांडी दुसरीपेक्षा कमजोर आहे.

५. दांडीची दोन्ही टोकं हलवून पाहा. खडखड आवाज येतो का? तिथली क्लिप निघालेली किंवा बोल्ट ढिला नाही ना, ते पाहा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही तपासणी थंडीत भल्या सकाळी केली तर दांडीचं दुखणं लवकर कळतं. गॅस थंड झाला की त्याचा दाब उतरतो. दुपारी ४० अंश आणि पहाटे १० अंश असा फरक असेल तर जोर सुमारे एक दशांशाने कमी होतो. ४०० न्यूटनची दांडी तेव्हा ३६० न्यूटनचीच राहते. धडधाकट दांडीला त्याने काही होत नाही. पण जी आधीच कमजोर झाली आहे ती थंडीत मान टाकते आणि ऊन चढल्यावर पुन्हा ठीक वाटते. "दुपारी तर चांगली उभी राहते की!" असं म्हणून ती सोडून देऊ नका. थंडीत खाली आलेली डिकी पुढे उन्हाळ्यातही खाली येणार.

काठी का नको

काठीचा पाय गाडीच्या तळावर किंवा बंपरवर टेकलेला असतो, आणि नेमकं तिथूनच आपण माल ओढतो. पोत्याचा कोपरा लागला, क्रेट सरकला, पदर अडकला, मागून पोर आलं आणि काठीला धरलं, की काठी सुटते. गाडी उतारावर असेल किंवा वारा असेल तर धक्काही लागत नाही. गॅस दांडी कमजोर झाल्यावर डिकी निदान सावकाश येते. काठीवरची डिकी मात्र काही न सांगता एकदम येते.

आणि ती येते कुठे? डिकीच्या खालच्या कडेला मधोमध कुलपाचा लोखंडी भाग असतो. आपण वाकलेल्या असतो तेव्हा डोक्याची मागची बाजू आणि मान बरोबर त्याच्याखाली असते. हात कडेवर असतील तर बोटं चिमटतात.

असा मार डोक्याला लागला तर "काही नाही, टेंगूळ आलंय" म्हणून कामाला लागू नका. उलटी झाली, गुंगी आली, घेरी आली, बोलण्यात गोंधळ झाला किंवा डोकं वाढत्या जोराने दुखू लागलं, तर लगेच दवाखान्यात जा. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते.

दांडी बदलेपर्यंत काय करायचं? शक्य असेल तर माल बाजूच्या दाराने चढवा-उतरवा. डिकी उघडावीच लागली तर एका धडधाकट बाईने किंवा गड्याने दोन्ही हातांनी डिकी धरून उभं राहायचं, तिला दुसरं काम सांगायचं नाही. आणि दांडी बदलायची तारीख त्याच बैठकीत ठरवून टाका. तारीख ठरली नाही तर पुन्हा काठी येते.

निगा कशी राखायची

महिन्याच्या तपासणीच्या वेळीच सळई कोरड्या, मऊ, स्वच्छ फडक्याने पुसा. चिखल वाळला असेल तर फडकं पाण्याने ओलं करून आधी तो भिजवा, मग पुसून कोरडं करा. घासणी, राख, पॉलिश पेपर सळईला लावायचं नाही.

सळईला तेल किंवा ग्रीस लावू नका. आपल्याला वाटतं, तेल दिलं की चांगलं चालेल. शिलाई मशीनला ते खरं आहे, इथे नाही. सळईला लागणारं तेल आतच आहे. वरून लावलेल्या तेलाला धूळ चिकटते आणि तीच सीलमध्ये जाते. टोकाच्या गोळीच्या सांध्याला मात्र बोटाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस चालतं.

डिकी लावताना मधोमध हात ठेवून सरळ खाली आणा. गाडीजवळ वेल्डिंग करायचं असेल तर कारागिराला आधी गॅस दांड्या काढून दूर ठेवायला सांगा. ठिणगी सळईवर पडली तरी तिथे खडबडीतपणा येतो, आणि नळी तापणं तर धोक्याचंच.

नवीन घेताना

दुकानात "ईकोची डिकीची दांडी द्या" एवढं सांगून भागत नाही. निघण्यापूर्वी जुन्या दांडीवरच्या छापील मजकुराचा मोबाइलवर फोटो काढा. गाडीचं मॉडेल आणि साल आरसी पुस्तकात पाहून लिहून घ्या. दुकानात चार गोष्टी जुळवा.

लांबी: सळई पूर्ण बाहेर असताना एका टोकाच्या सांध्याच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या सांध्याच्या मध्यापर्यंत. शिवणकामाची टेप चालेल.

सळई किती आत जाते: ती कमी आत जात असेल तर डिकी नीट लागणार नाही, जोर केला तर पत्रा वाकेल.

जोर: नळीवरचा न्यूटनचा आकडा.

टोकं: काहींना गोळीवर बसणारी वाटी असते, काहींना बोल्टचं भोक. जुन्यासारखीच हवीत.

दुकानदार कधी म्हणतो, "ताई, ही जास्त जोराची घ्या, टिकेल." तसं नाही हं. जोर जास्त झाला तर कुलूप सुटताच डिकी उसळून वर येते आणि हनुवटीवर आदळते. लावताना लटकावं लागतं. बिजागरी आणि पत्र्यावर रोजचा ताण येतो तो वेगळाच. गाडी बनवताना जेवढा जोर ठरवला तेवढाच घ्यायचा.

जुनी दांडी "गॅस भरून देतो" असं कुणी सांगितलं तरी मानू नका. बंद नळीला भोक पाडायचं, गॅस भरायचा आणि पुन्हा बुजवायचं, हे ऐंशी कुकरांच्या दाबाशी खेळणं आहे. दुकानात दांडी जमिनीवर टेकवून दाबून पाहायचाही मोह टाळा, निसटली तर तोंडावर येते. जोडी घ्या, जीएसटीचं पक्कं बिल घ्या, वॉरंटी किती ते बिलावर लिहून घ्या. लगेच बसवायची नसेल तर सळई खाली आणि नळी वर अशी उभी ठेवा, म्हणजे तेल सीलजवळ राहतं.

बदलायची कशी

हे काम गॅरेजात अर्ध्या तासाचं आहे. तिथे करून घेतलं तरी क्रम माहीत असू द्या, म्हणजे समोर उभं राहून पाहता येईल. गटात हाताने काम करणाऱ्या दोघी-तिघी असतील तर घरीही होतं. डिकीला बटणाने उघडणारी मोटर असेल किंवा दांडीला वायर जोडलेली असेल, तर मात्र गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या.

साहित्य: लहान चपटा स्क्रू ड्रायव्हर, बोल्ट असेल तर त्याच्या मापाचा पाना, डोळ्यांना चष्मा, हातमोजे, आणि डिकीच्या उंचीचा जाड लाकडी वासा. वाशाच्या दोन्ही टोकांना गोणपाट बांधा. माणसं तीन. दोघी डिकी धरायला, एक काम करायला. पोरांना लांब पाठवा.

"काठी नको म्हणता आणि वासा का आणता?" असं कुणी विचारेल. वासा इथे जोडीला आहे. डिकी दोघींनी धरलेलीच असते, गाडी रिकामी असते आणि काम दहा-पंधरा मिनिटांत संपतं.

१. गाडी सपाट जागी, वारा नसलेल्या ठिकाणी लावा. हँडब्रेक ओढा. मागचा सगळा माल काढा.

२. डिकी पूर्ण वर न्या. दोघींनी दोन कोपरे धरा, वासा लावा. काम संपेपर्यंत हात काढायचा नाही. पूर्ण उघड्या डिकीतच दांडी सर्वात लांब आणि सर्वात कमी ताणात असते. अर्ध्या उघड्या डिकीत दांडी कधीच सोडवू नका, ती उसळून अंगावर येईल.

३. एकाच बाजूची दांडी घ्या. दुसरी तशीच राहू द्या, ती थोडा तरी भार धरते.

४. दांडी कशी बसवली आहे त्याचा फोटो काढा. बहुतेक गाड्यांत जाड नळी वर डिकीकडे आणि बारीक सळई खाली गाडीच्या अंगाकडे असते. डिकी बंद झाल्यावरही सळई खालच्या बाजूला राहावी, हा त्यामागचा हेतू. नवीनही तशीच बसवायची.

५. टोकाला गोळीचा सांधा असेल तर त्याभोवती बारीक स्प्रिंगची क्लिप दिसेल. तिच्याखाली स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून क्लिप थोडीशीच उचला. पूर्ण काढायची गरज नाही, उडाली तर सापडत नाही. आता दांडी गोळीवरून सरळ आपल्याकडे ओढा. आधी वरचं टोक, मग खालचं. बोल्ट असेल तर पान्याने सोडवा आणि वॉशर कोणत्या क्रमाने होते ते ध्यानात ठेवा.

६. गोळी पुसा, चिमूटभर ग्रीस लावा. नवीन दांडीची वाटी गोळीवर ठेवून तळहाताने दाबा. "टक" असा आवाज आला की बसली. ओढून पाहा, निघता कामा नये. हातोडी मारायची नाही.

७. आता दुसरी बाजू. क्रम तोच.

८. वासा काढा, पण डिकीवरचे हात तसेच ठेवा. हळूच सोडून पाहा. वर राहिली तर सावकाश लावा. लावताना कुठे अडली तर जोर करू नका. दांडी उलटी बसली आहे किंवा माप चुकलं आहे, तेवढं पाहा. चार-पाच वेळा उघड-लाव करा.

नवीन दांडी बसवूनही डिकी जड वाटली तर बिजागरी पाहा. ती गंजली असेल तर दोष दांडीचा नाही.

जुनी दांडी भंगारात टाकताना

निकामी झालेल्या दांडीतही बराच गॅस शिल्लक असतो. डिकी पेलत नाही म्हणजे दांडी रिकामी झाली, असं नाही. म्हणून ती चुलीत, शेकोटीत, कचऱ्याच्या जाळात टाकायची नाही. तापल्यावर सळई गोळीसारखी सुटते. पेटलेल्या गाडीजवळ जाताना अग्निशमन दलाच्या लोकांनाही या दांड्यांपासून सांभाळावं लागतं, ते याचसाठी. कापायची नाही, ठोकायची नाही, भोक पाडायचं नाही, पोरांना खेळायला द्यायची नाही. जिथून नवीन घेतली तिथे किंवा गॅरेजात परत द्या. भंगारवाल्याला देणार असाल तर "यात दाबाचा गॅस आहे, कापू नका" असं तोंडाने सांगा. तोही कुणाच्या तरी घरचा माणूस आहे.

असाच गॅस उचलत्या झाकणाच्या पलंगात आणि वरखाली होणाऱ्या ऑफिस खुर्चीतही असतो. तिथेही हाच नियम.

खर्च कुणाचा, नोंद कुठे

गाडी गटाची असेल तर डिकीची दांडी हा गाडीच्या देखभालीचा खर्च आहे. तो चालवणाऱ्या ताईंच्या खिशातून जायला नको. तसं झालं की त्या सांगायचं टाळतात आणि काठी चालू राहते. बैठकीत विषय मांडा, दोन-तीन ठिकाणचे दर घ्या, ठराव लिहा, बिल जोडा. नियमित लेखे ही पंचसूत्रीतली पाचवी गोष्ट गाडीलाही लागू आहे. गाडीच्या वहीत एक पान डिकीसाठी काढा आणि त्यावर एवढंच लिहा: तपासल्याची तारीख, कुणी तपासली, काय दिसलं. दांडी बदलली की तारीख, न्यूटनचा आकडा आणि बिल क्रमांक. पुढच्या वेळी दुकानात हेच पान दाखवता येईल.

तपासणी कुणी करायची, यावरही बैठकीत बोला. आमची सूचना अशी आहे की जी सदस्य माल चढवते-उतरवते तिच्याकडेच हे काम द्या. "गाडीतलं बाईला काय कळतं" असं म्हणणारे भेटतील. डिकी इंचभर खाली आली की नाही, हे पाहायला परवाना लागत नाही. आणि आली तर त्या दिवशी माल बाजूच्या दाराने चढेल, हे सांगण्याचा अधिकार तिला गटाने द्यायला हवा. बाजाराला अर्धा तास उशीर झाला तर भरून काढता येतो.

येत्या मासिक बैठकीला ज्या गटाकडे गाडी आहे त्यांनी ती बैठकीच्या जागीच आणावी. वर दिलेली पाच मुद्द्यांची तपासणी सगळ्यांनी मिळून एकदा करून पाहावी. डिकीत काठी ठेवलेली सापडली तर तिचा पावटे-घेवड्याच्या वेलाला चांगला उपयोग होतो.